अपवाद नेमका कोणता नियम सिद्ध करतो?

'एक्सेप्शन प्रूव्ह्ज द रूल' हे इंग्रजी वाक्य आपल्या बोलण्यात इतकं मुरलंय की 'अपवादाने नियम सिद्ध होतो' हे कुणी पणजोबांनी म्हणून ठेवलं असावं असं वाटतं. मला हे वाक्य फार आवडतं. पण लग्नाच्या हॉलमध्ये, व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांवर, टीव्हीवरच्या चर्चांमध्ये ते ज्या अर्थाने फेकलं जातं तो अर्थ सपशेल चुकीचा आहे, आणि त्या चुकीने खरीखुरी माणसं दुखावली जातात. गेल्या महिन्यात घरातल्याच एका मुलीच्या बाबतीत ते घडलं, म्हणून हे सविस्तर लिहायला घेतलं.

मी भाषांतरं करते. ठाण्यात कोर्ट नाक्याच्या आसपास बसणाऱ्या वकिलांचे करारनामे, मृत्युपत्रं, नोटिसा, सोसायट्यांचे उपविधी हे सगळं इंग्रजीतून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत नेणं हे माझं काम. या कागदांत अपवाद रोज भेटतात. कायद्याच्या मराठीत त्यांना 'परंतुक' म्हणतात. आधी कलम येतं, मग 'परंतु' म्हणून सुरू होणारा परिच्छेद येतो आणि कलमातून काहीतरी बाहेर काढतो. नवशिके परंतुक वाचताना फक्त काय बाहेर काढलं ते बघतात. मुरलेले वकील उलट वाचतात: एवढंच बाहेर काढलंय, म्हणजे बाकीचं सगळं आतच आहे. 'अपवादाने नियम सिद्ध होतो' या वाक्याचा मूळ अर्थ एवढाच आहे.

लोकलने रोज जाणाऱ्या प्रत्येकाला हे तर्कशास्त्र न शिकवता येतं. फलाटावर घोषणा होते की ही गाडी अमुक आणि तमुक स्थानकांच्या दरम्यान कुठल्याही स्थानकावर थांबणार नाही. त्यापुढच्या स्थानकावर उतरणारा निश्चिंतपणे चढतो. गाडी पुढे सगळीकडे थांबेल, असं घोषणेत कुणी म्हटलेलं नसतं. न थांबण्याची जागा मुद्दाम सांगितली, यावरूनच बाकीच्या ठिकाणी थांबण्याचा नियम त्याला कळतो.

आता जरा मोठं उदाहरण. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालचे आहेत. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायचा नाही. मात्र सण आणि सांस्कृतिक कार्यक्रमांसाठी राज्य सरकारला रात्री 12 पर्यंत सूट देता येते, तीही वर्षभरात मिळून 15 दिवसांपेक्षा जास्त नाही. दरवर्षी त्या दिवसांची यादी जाहीर होते. गणेशोत्सवातले काही दिवस, नवरात्रातले काही, नाताळ, 31 डिसेंबर असे दिवस तिच्यात असतात. आमच्या घरामागे मैदान आहे. मे महिन्यात एका रात्री अकरा वाजून गेले तरी कुणाच्या तरी वाढदिवसाचे भोंगे चालू होते. खाली जाऊन विचारलं, तर आयोजकांपैकी एक तरुण अगदी मनापासून म्हणाला, "मावशी, गणपतीत बारापर्यंत चालतं ना? मग आज काय बिघडलं?"

त्याला वाटत होतं, गणपतीतली सूट म्हणजे नियम पातळ झाल्याची खूण. खरं तर ती नियमाचा सर्वांत भक्कम पुरावा आहे. दहाची मर्यादा इतर दिवशी लागूच नसती, तर ठरावीक दिवसांची यादी काढायची गरज कुणाला पडली असती? पंधरा दिवस मोजून दिले, याचाच अर्थ बाकीचे साडेतीनशे दिवस दिलेले नाहीत. मी त्याला हे एवढ्याच शब्दांत सांगितलं. त्याने विचार केला आणि आवाज बंद केला. मला ते फार बरं वाटलं, कारण त्याने माझं वय बघून ऐकलं नव्हतं. मुद्दा पटला म्हणून ऐकलं होतं.

इंग्रजी भाषेच्या वापरावर 1926 साली हेन्री फौलर यांचा एक कोश निघाला. त्यात या वाक्याचा खरा अर्थ समजावायला त्यांनी सैनिकांच्या बराकीची सूचना घेतली आहे: आज रात्री अकरापर्यंत बाहेर राहण्याची विशेष परवानगी आहे. त्या सूचनेत एरवी किती वाजता परतायचं याचा उल्लेखही नाही. तरी वाचणाऱ्याला लगेच कळतं की एरवी त्याआधी परतावं लागतं. आमच्या सोसायटीत कोजागरीच्या आधी हाच प्रकार झाला. 'कोजागरीला गच्ची रात्री साडेबारापर्यंत उघडी राहील' अशी सूचना लिफ्टजवळ लागली, आणि नव्याने भाड्याने राहायला आलेल्या जोडप्याने विचारलं, म्हणजे इतर दिवशी गच्ची बंद होते का? किती वाजता? गच्चीची वेळ त्यांना कुणीच सांगितलेली नव्हती. पण एका दिवसाच्या सवलतीवरून नियम आहे हे त्यांनी बरोबर ओळखलं.

हे वाक्य इंग्रजांच्याही आधीचं आहे. त्यामागचा युक्तिवाद रोममधल्या एका खटल्यातला, इसवी सन पूर्व 56 मधला. बाल्बस नावाचा माणूस मूळचा गादेसचा, म्हणजे आजच्या स्पेनमधल्या कादिसचा. रोमन सेनानी पाँपीने त्याला रोमचं नागरिकत्व दिलं होतं. विरोधकांनी खटला भरला: गादेसशी रोमचा तह आहे, तिथल्या माणसाला असं परस्पर नागरिक करता येत नाही. बाल्बसच्या बाजूने सिसेरो हा नावाजलेला रोमन वकील आणि वक्ता उभा राहिला. त्याने दुसरे तह काढून दाखवले. काही जमातींशी झालेल्या तहांत 'यांच्यातल्या कुणालाही रोमने नागरिक करून घेऊ नये' असं स्पष्ट कलम होतं. सिसेरो म्हणाला, अपवाद लिहिल्यामुळे तिथे मनाई होत असेल, तर जिथे अपवाद लिहिलेला नाही तिथे मुभा असलीच पाहिजे. गादेसच्या तहात तसं कलम नव्हतं. बाल्बस सुटला, आणि पुढे इसवी सन पूर्व 40 मध्ये तोच माणूस रोमचा कॉन्सल, म्हणजे तिथला सर्वोच्च अधिकारी झाला. परक्या मुलखात जन्मून त्या पदावर पोचलेला तो पहिला. सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या कायद्याच्या लिखाणात हा विचार लॅटिन सूत्राच्या रूपात दिसतो. ते सूत्र पूर्ण वाचलं तर असं आहे: ज्या बाबी वगळलेल्या नाहीत, त्या बाबींपुरता अपवाद नियम पक्का करतो. लोकांनी अट गाळली आणि शेपूट तेवढं ठेवलं. सगळा घोटाळा त्या गाळण्याने झाला.

आपल्याकडे हा विचार सिसेरोच्याही आधी झालेला आहे, आणि मला वाटतं जास्त नेटकेपणाने. संस्कृत व्याकरणावरचं पतंजलींचं महाभाष्य साधारण इसवी सन पूर्व दुसऱ्या शतकातलं मानतात. त्याच्या सुरुवातीलाच प्रश्न येतो: व्याकरणात बरोबर शब्द शिकवावेत की चुकीचे? पतंजली म्हणतात, एक सांगितलं की दुसरं आपोआप कळतं. 'पञ्च पञ्चनखा भक्ष्याः', पाच नखांच्या प्राण्यांपैकी पाच खावेत, असं म्हटलं की बाकीचे खाऊ नयेत हे समजतं. लगेच उलट बाजूही ते दाखवतात: पाळीव कोंबडा खाऊ नये असं म्हटलं, की रानकोंबडा चालतो हे समजतं. बराकीच्या सूचनेची युक्ती आणि ही युक्ती एकच. पतंजलींनी ती दोन्ही बाजूंनी दाखवली, परवानगीवरून मनाई आणि मनाईवरून परवानगी.

दुसरं उदाहरण मला त्याहून प्रिय आहे, कारण त्यात पंगत आहे. 'ब्राह्मणांना दही द्या, कौंडिण्याला ताक द्या.' कौंडिण्यही ब्राह्मणच. पण त्याच्यासाठी वेगळं सांगितलं, म्हणून त्याच्यापुरतं ताक दह्याच्या जागी येतं. तेवढ्यावरून बाकीच्यांचं दही बंद होत नाही. व्याकरणाच्या परंपरेत सर्वसाधारण नियमाला उत्सर्ग म्हणतात, आणि अपवादाची जागा सोडून उरलेल्या सगळ्या प्रांतात उत्सर्ग चालतो असं स्पष्ट सांगितलेलं आहे. नियमाची हद्द किती हे आधी अपवादाकडे बघून ठरतं.

या तर्काला एक कुंपण आहे आणि ते सांगितलं नाही तर लेख अर्धा राहील. ठाण्याच्या तलावपाळीसारख्या ठिकाणी 'तलावात निर्माल्य टाकू नये' अशी पाटी असेल, तर तिच्यावरून प्लास्टिक टाकायला परवानगी आहे असं कुणी म्हणणार नाही. लिफ्टमध्ये 'लहान मुलांनी उड्या मारू नयेत' असं लिहिलं तर मोठ्यांनी माराव्यात असा अर्थ होत नाही. पण 'बारा वर्षांखालील मुलांनी लिफ्ट एकट्याने वापरू नये' यावरून तेराव्या वर्षाचा मुलगा एकटा जाऊ शकतो हे रास्तपणे निघतं. फरक कुठे आहे? तिसऱ्या पाटीवर लिहिणाऱ्याने हद्द आखलेली आहे. पहिल्या दोन पाट्यांवर त्याला जो त्रास जास्त होतो तेवढाच त्याने बोलून दाखवला आहे. करारनाम्यात हे ओळखणं कठीण जातं, आणि म्हणूनच वकील 'यासह परंतु एवढ्यापुरते मर्यादित नाही' असली लांबलचक शेपटं जोडतात. भाषांतर करताना मी ती कधीही गाळत नाही, कितीही जड वाटली तरी.

हे कुंपण राज्यघटनेच्या पातळीवरही घालावं लागलेलं आहे. अमेरिकेत मूलभूत हक्कांची यादी करायची की नाही यावर वाद झाला, तेव्हा तिथल्या राज्यघटनेचे एक शिल्पकार अलेक्झांडर हॅमिल्टन यांची हरकत याच धर्तीची होती: थोडे हक्क लिहून काढले की जे लिहिले नाहीत त्यांवर सरकारचा अधिकार आहे असा अर्थ कुणीतरी काढेल. शेवटी 1791 मध्ये यादी आली, पण तिच्यासोबत नववी दुरुस्तीही आली. काही हक्क नमूद केले म्हणून लोकांचे इतर हक्क नाकारले गेले असा अर्थ लावू नये, असं ती सांगते. अनुमान इतकं बळकट आहे की त्याला थोपवायला वेगळं वाक्य लिहावं लागलं.

इतका वेळ मी ज्या अपवादांबद्दल बोलले ते सगळे कुणीतरी लिहिलेले होते. ज्याला नियम करण्याचा अधिकार आहे, त्यानेच अपवाद लिहिला. म्हणून त्या अपवादाच्या आड नियम उभा आहे असं आपण खात्रीने म्हणू शकतो. जगात आपोआप घडलेल्या गोष्टीला हे लागू पडत नाही. सगळे कावळे काळे असतात असं कुणी म्हटलं आणि कुणी पांढरा कावळा आणून दाखवला, तर विधान पडलं. पांढऱ्या कावळ्याने काळेपणा सिद्ध होत नाही.

आणि नेमकं इथेच हे वाक्य आपल्याकडे सर्रास वापरतात.

माझी भाची आयटीआय करून वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात व्हीएमसी मशीन, म्हणजे धातू कापून सुटे भाग घडवणारं संगणकीय यंत्र चालवते. ड्रॉइंग बघून प्रोग्राम तपासते, टूल बसवते, मोजमापाचा शून्यबिंदू पकडते, पहिला जॉब मायक्रोमीटरने मोजून पास करून घेते. गेल्या महिन्यात एका साखरपुड्यात नात्यातल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी सगळ्यांसमोर सांगितलं की मुलींना यंत्रांत गती नसते. माझी बहीण भाचीकडे बोट दाखवून म्हणाली, "ही काय बसलीय समोर." ते हसून म्हणाले, "अहो ताई, ती अपवाद. अपवादानेच नियम सिद्ध होतो." आजूबाजूच्यांनी माना डोलावल्या. भाची काही बोलली नाही, पण तिचा चेहरा मी बघितला. तिने शिकलेलं, कमावलेलं सगळं एका वाक्यात तिच्याच विरुद्ध पुरावा म्हणून वापरलं गेलं होतं.

असं बोलून माणूस कुठल्याही पुराव्यापासून सुटतो. एक मुलगी दाखवा, ती अपवाद. दहा दाखवा, दहा अपवाद. मध्य रेल्वेत सुरेखा यादव 1980 च्या दशकात रुजू झाल्या, आशियातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक म्हणून ओळखल्या गेल्या, 8 मार्च 2011 रोजी डेक्कन क्वीन चालवत पुण्याहून मुंबईला आल्या, आणि सप्टेंबर 2025 मध्ये निवृत्त झाल्या. त्यांनाही वर्षानुवर्षं अपवादच म्हटलं गेलं. ज्या विधानाला विरुद्ध पुरावासुद्धा बळकट करतो ते विधान तपासताच येत नाही, आणि जे तपासता येत नाही त्याला नियम म्हणू नये.

'यंत्रांवर काम करणाऱ्या बायका कमी आहेत' असं ते गृहस्थ म्हणाले असते तर गोष्ट वेगळी होती. ते खरं आहे. भाचीमुळे ते खोटंही ठरत नाही आणि सिद्धही होत नाही, कारण त्याचा पुरावा कारखान्यांतल्या हजेरीपटांवर आहे. पण 'कमी आहेत' वरून 'गती नसते' वर जाणारी उडी या इंग्रजी वाक्याने सोपी करून दिली. शहाणपणाच्या सुरात म्हटलं की काहीही खपतं.

इंग्रजीतल्या 'प्रूव्ह' चा जुना अर्थ पारखणं असाही आहे, म्हणून काहीजण हे वाक्य 'अपवाद नियमाची परीक्षा घेतो' असं समजावतात. उगम तो नाही, उगम कायद्यातला. पण विचार म्हणून मला तो मान्य आहे, कारण खगोलशास्त्रज्ञांनी तो खरा करून दाखवला आहे. युरेनस ग्रह गणिताने सांगितलेल्या जागी दिसेना. 'अपवाद आहे, चालायचंच' असं म्हणून कुणी गप्प बसलं नाही. फ्रान्समध्ये ल व्हेरिए यांनी हिशेब मांडला की पलीकडे एखादा ग्रह ओढत असला पाहिजे, आणि 23 सप्टेंबर 1846 च्या रात्री बर्लिनला खगोलशास्त्रज्ञ गाल यांना नेपच्यून त्या जागेच्या अगदी जवळ सापडला. न्यूटनचा नियम परीक्षेत उतरला. मग बुधाच्या कक्षेतही फरक निघाला, शतकाला जेमतेम 43 विकला (एक विकला म्हणजे अंशाचा 3600 वा भाग). तिथेही लपलेला ग्रह शोधला गेला, पण तो नव्हताच. 1915 मध्ये आइनस्टाइननी गुरुत्वाकर्षणाची मांडणीच बदलली तेव्हा तो फरक जुळला. एका अपवादाने नियम वाचवला, दुसऱ्याने बदलायला लावला. दोन्ही वेळा अपवादामागचं कारण शोधावं लागलं.

साखरपुड्याहून आल्यावर मीही कारण शोधलं, आणि ते माझ्याच कामाच्या कपाटात सापडलं. 1948 च्या कारखाने अधिनियमाचं कलम 66. सकाळी 6 ते संध्याकाळी 7 या वेळेखेरीज कुठल्याही बाईला कारखान्यात काम करू देऊ नये, असं त्यात होतं. त्याला परंतुकही होतं: राज्य सरकारला वेळ मागेपुढे करता येईल, पण रात्री 10 ते पहाटे 5 मात्र कधीच नाही. महाराष्ट्राने 2015 मध्ये कायद्यात दुरुस्ती करून, सुरक्षिततेच्या अटींवर, रात्रपाळीची वाट मोकळी केली. म्हणजे भाचीच्या आईची पिढी कामाला लागली तेव्हा तीन पाळ्यांच्या कारखान्यात बाईला फार तर पहिली पाळी मिळणार होती. पाळ्या फिरवाव्या लागणारा मालक मग पुरुषालाच घेणार. मशीन शिकायचं ते मशीनपाशी उभं राहून, आणि तिथे उभं राहायलाच कायद्याची आडकाठी. कलम एकटं सगळ्याला जबाबदार आहे असं माझं म्हणणं नाही. घरून नको म्हणणं, कारखान्यात बायकांसाठी स्वच्छतागृह नसणं, आयटीआयच्या वर्गात एकटी मुलगी असणं हेही आहेच. पण ही सगळी माणसांनी केलेली कारणं आहेत, आणि त्यांतली एकेक माणसांनीच हटवलेली आहेत. त्या गृहस्थांना जो निसर्गाचा नियम वाटला, त्याचा निदान एक भाग राजपत्रात छापलेला होता.

मी त्यांना फोन करून कलम 66 वाचून दाखवलं. ते शांतपणे ऐकत होते. म्हणाले, "हे मला माहीत नव्हतं." मी म्हटलं, आता भाचीला फोन करा. त्यांनी केला. काय बोलणं झालं ते मी तिला विचारलेलं नाही.

ती सध्या दुसऱ्या पाळीत आहे. तिच्या मागून त्याच कारखान्यात आणखी दोघी लागल्या आहेत, एक कळव्याची आणि एक दिव्याची. टूल ऑफसेट घ्यायला दोघींना तिनेच शिकवलं.